एका कळीमागचे ७२ बाइट

लिनक्सवर चालणाऱ्या ६४-बिट संगणकाला साधा यूएसबी कीबोर्ड जोडा आणि 'ए'ची कळ दाबा. बोट खाली गेलं, एवढंच घडलं. पण त्याची खबर कर्नलकडून आज्ञावलीपर्यंत पोचते ती ७२ बाइटची असते. चोवीस-चोवीस बाइटचे तीन तुकडे एकामागून एक येतात. प्रत्येक तुकड्यातले पहिले १६ बाइट वेळेचे, सेकंद आणि मायक्रोसेकंद. त्यानंतर दोन बाइट प्रकाराचे, दोन संकेतांकाचे आणि शेवटचे चार मूल्याचे. वेळ बाजूला ठेवली तर पहिला तुकडा म्हणतो ४, ४, ४५८७५६. दुसरा म्हणतो १, ३०, १. तिसरा ०, ०, ०. बोट उचललं की पुन्हा हेच त्रिकूट येतं, फक्त दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी १ऐवजी ० असतो.

या आकड्यांकडे जरा थांबून बघावं. ४५८७५६ हा आकडा षोडशमान पद्धतीत लिहिला की ७०००४ होतो. यूएसबीच्या मानकात सातवं पान कीबोर्डाचं आहे आणि त्या पानावर चौथ्या क्रमांकाला 'ए' आहे. म्हणजे पहिल्या तुकड्यात कीबोर्डाने स्वतःच्या बोलीत काय सांगितलं ते जसंच्या तसं आहे. दुसऱ्या तुकड्यात कर्नलने त्याचा अर्थ लावून ३० हा क्रमांक दिला आहे. आता हा ३० आला कुठून? १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्याच्या कीबोर्डावर 'ए' दाबली की तारेतून ३०च जात असे. एस्केपला १ धरून मोजायला लागा. आकड्यांची ओळ, बॅकस्पेस, टॅब, क्यूपासूनची ओळ, एंटर, मग त्या कीबोर्डावर 'ए'च्या शेजारीच असलेली कंट्रोल. तिसावी कळ 'ए'. यंत्रं बदलली, तारा बदलल्या, ब्लूटूथ आलं, पण आज लिनक्सवर 'ए' दाबणारा प्रत्येक माणूस नकळत आयबीएमच्या त्या जुन्या कीबोर्डावरच्या कळा मोजत असतो. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

तिसऱ्या तुकड्यातली तीन शून्यं रिकामी नाहीत. त्यांचा अर्थ असा: इथपर्यंत जे सांगितलं ते सगळं एकाच क्षणाचं. माउस तिरका सरकला तर आडवी हालचाल वेगळ्या तुकड्यात येते आणि उभी वेगळ्या. शेवटची ही खूण नसती तर माउसचा बाण आधी उजवीकडे आणि मग खाली असा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला असता. ही शून्यं आली की दोन्ही हालचालींची मिळून एक तिरकी रेघ होते.

चेक प्रोग्रामर वोयतेख पावलिक यांनी लिनक्सच्या या इनपुट व्यवस्थेचा पाया घातला. कीबोर्ड, माउस, टचपॅड, जॉयस्टिक, लॅपटॉपचं झाकण मिटल्याचा स्विच, सगळे याच २४ बाइटच्या साच्यातून बोलतात. प्रत्येक उपकरण '/डेव्ह/इनपुट' या फोल्डरमध्ये एक फाइल म्हणून दिसतं. फाइल उघडायची, बाइट वाचायचे, झालं. साधेपणा इतका की भुरळ पडावी. पण उपकरणाचं नाव काय, त्याला कोणकोणत्या कळा आहेत, टचपॅडची रुंदी किती, हे विचारायला कर्नलला वेगळ्या विनंत्या कराव्या लागतात आणि उत्तरं बिटांच्या रांगांमधून वेचून काढावी लागतात. हे किचकट काम एकदाच नीट करून ठेवावं म्हणून रेड हॅटमधल्या पीटर हटरर यांनी २०१३च्या सुमारास 'लिबएव्हडेव्ह' ही सी भाषेतली लायब्ररी पुढे आणली. लिनक्स डेस्कटॉपवरच्या बहुतेक सगळ्या हालचाली आज तिच्यातून जातात.

ही लायब्ररी सीमध्ये आहे आणि ते योग्यच आहे. सीमध्ये लिहिलेलं जवळपास सगळ्या भाषांना वापरता येतं. पण सीची एक रीत आहे. ती सगळं आकड्यांतून सांगते, आणि त्या आकड्यांमागचे करार कागदोपत्री राहतात. आधुनिक ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत अशा लायब्ररीभोवती रॅपर, म्हणजे त्या भाषेतलं आवरण, लिहायला बसलं की खरं काम हेच असतं: कागदावरचे करार उचलून कंपायलरच्या हाती द्यायचे. मग ते पाळले जातात की नाही यावर माणसाला पहारा ठेवावा लागत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'पुढचा इव्हेंट दे' असं सांगणारं फंक्शन. ते एक पूर्णांक परत करतं. ० आला तर इव्हेंट नीट मिळाला. १ आला तर मधे काहीतरी हुकलं आहे, आता तुम्ही मेळ घालण्याच्या अवस्थेत आहात. उणे ११ आला तर सध्या काही नाही, नंतर या. उणे १९ आला तर उपकरणच नाही, कुणीतरी वायर काढली. आता बघा, या चारांपैकी एक यश आहे, एक इशारा आहे, एक नुसती शांतता आहे आणि एक शेवट आहे. चौघांचे स्वभाव चार, आणि सगळे एकाच पूर्णांकात कोंबलेले. त्यातही गंमत म्हणजे उणे ११चा अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतो. नेहमीच्या वाचनात तो म्हणतो 'आत्ता काही नाही', आणि मेळ घालताना तोच म्हणतो 'मेळ पूर्ण झाला'. लायब्ररीच्या कागदपत्रांत हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण रात्री घाईने लिहिलेल्या कोडमध्ये 'शून्यापेक्षा कमी म्हणजे एरर' असं एका ओळीत उरकलं, तरी कंपायलर हूं की चूं करत नाही.

सी++मध्ये या चौघांना चार वेगळी रूपं देता येतात. शांतता म्हणजे रिकामी 'ऑप्शनल' किंमत: पेटी आहे, आत काही नाही. वायर निघणं म्हणजे एक्सेप्शन, कारण त्यानंतर पुढे वाचत राहण्यात अर्थ उरत नाही. यश म्हणजे प्रत्यक्ष इव्हेंट. आणि हुकलेल्या मजकुराचा इशारा हा त्याहून निराळा प्रकार, जो हाताळल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. तो इशारा नेमका काय असतो हे सांगायलाच हवं, कारण या विषयाचं सगळं सौंदर्य तिथे आहे.

कर्नल प्रत्येक वाचकासाठी इव्हेंटांची एक छोटी रांग ठेवतो. ती किमान ६४ इव्हेंटांची असते. वाचणारी आज्ञावली दुसऱ्या कामात अडकली, डिस्कची वाट बघत बसली, आणि तेवढ्यात कीबोर्डावर कळा भराभर दाबल्या गेल्या तर रांग भरते. मग कर्नल साचलेलं टाकून देतो आणि 'काही इव्हेंट गळाले' अशी खूण रांगेत ठेवतो. समजा गळालेल्यात शिफ्ट सोडल्याचा इव्हेंट होता. तुमच्या आज्ञावलीच्या लेखी शिफ्ट अजून दाबलेलीच आहे. पुढचं प्रत्येक अक्षर कॅपिटल उमटत राहणार आणि वापरणारा कीबोर्ड आपटत बसणार.

यातून सुटका होते ती एका साध्या वस्तुस्थितीमुळे. उपकरण फक्त बदल कळवतं, पण स्थिती विचारली तर तीही सांगतं. पासबुकातल्या चार नोंदी हुकल्या तरी खात्यावरची शिल्लक बँकेत विचारता येते, तसंच हे. लिबएव्हडेव्ह नेमकं हेच करते. तिच्याकडे प्रत्येक कळीची शेवटची माहीत असलेली स्थिती असते. ती कर्नलला आत्ताची स्थिती विचारते, दोन्हींची तुलना करते आणि जिथे फरक पडला आहे तिथे स्वतः इव्हेंट रचून देते: शिफ्ट सुटली, कंट्रोल दाबली, टचपॅडवरचं दुसरं बोट उचललं. घडून गेलेल्या आणि कुणीच न पाहिलेल्या घटनांची ही पुनर्रचना मी जेव्हा वाचते तेव्हा मला त्या कोडचा आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

तरी काही गोष्टी परत येत नाहीत. मधल्या वेळात दाबून लगेच सोडलेली कळ गेली ती गेली, कारण आधीही ती सुटलेली होती आणि आताही सुटलेलीच आहे. माउस किती सरकला तेही गेलं. म्हणून रॅपर लिहिणाऱ्याला इथे एक निर्णय घ्यावा लागतो. हा सगळा मेळ आतल्या आत घालून वरच्याला गुळगुळीत प्रवाह द्यायचा, की काहीतरी हुकलं हे त्याला स्पष्ट सांगायचं? माझं मत ठाम आहे: सांगायचं. हटरर यांनीच पायथनसाठी याच लायब्ररीचं जे रॅपर लिहिलं त्यात हेच केलं आहे. तिथे इव्हेंटांवर साध्या 'फॉर' लूपने फिरता येतं, पण इव्हेंट गळाले की लूप एक्सेप्शन फेकतो. मग 'सिंक' नावाच्या मेथडकडून रचलेले इव्हेंट घ्यायचे आणि पुन्हा लूपमध्ये शिरायचं. सोय आहे आणि खरेपणाही आहे. मूळ लायब्ररी जे बोलत होती ते रॅपरने गिळून टाकलेलं नाही.

आता मालकीचा प्रश्न. सीमध्ये आधी फाइल उघडायची, मग तिचा क्रमांक लायब्ररीला देऊन एक पॉइंटर मिळवायचा. काम संपलं की 'फ्री' म्हणायचं. पण हे 'फ्री' फक्त लायब्ररीची मेमरी मोकळी करतं, फाइल बंद करत नाही. ती तुम्ही उघडली, तुम्हीच मिटायची. हा करारही फक्त कागदावर आहे. सी++मध्ये तो क्लासच्या अंगात मुरवता येतो. क्लासमध्ये दोन सदस्य ठेवायचे, वर फाइल आणि तिच्याखाली लायब्ररीचा पॉइंटर. सी++चा नियम असा की सदस्य ज्या क्रमाने लिहिले त्याच्या उलट क्रमाने नष्ट होतात. म्हणजे आधी लायब्ररीचा पॉइंटर मोकळा होणार आणि मग फाइल मिटणार, दरवेळी, न विसरता. फंक्शनमधून मध्येच परत फिरलात तरी, एक्सेप्शन येऊन ती वर कुठेतरी पकडली गेली तरी. दोन ओळी कुठल्या क्रमाने लिहिल्या यावर सगळी शिस्त तोललेली आहे.

शिवाय अशा ऑब्जेक्टची नक्कल होऊ द्यायची नाही. नक्कल झाली तर दोन ऑब्जेक्ट एकच पॉइंटर धरून बसतील, दोघेही शेवटी तो मोकळा करायला जातील आणि आज्ञावली कोसळेल. २०११च्या सी++ मानकापासून 'नक्कल नको, पण हस्तांतर चालेल' असं थेट लिहिता येतं. मालकी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पहिला हात रिकामा होतो. आणि एवढ्या सगळ्या बंदोबस्ताची किंमत? मोकळं करण्याची रीत छोट्या रिकाम्या क्लासमधून दिली तर हा हुशार पॉइंटर साध्या पॉइंटरएवढाच, ८ बाइटचा राहतो. सुरक्षिततेसाठी एक बाइटही जास्त मोजावा लागत नाही.

ऑब्जेक्ट ही कल्पना इथे इतकी चपखल बसते याचं कारण तिच्या जन्मात आहे. १९६०च्या दशकात ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगोर्ड यांनी सिम्युला ही भाषा घडवली. तिचा हेतूच प्रत्यक्ष जगातल्या व्यवस्था संगणकावर उभ्या करण्याचा होता. बियार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी सिम्युला वापरली होती, आणि १९७९ साली बेल लॅब्जमध्ये त्यांनी सीला क्लासची जोड द्यायला सुरुवात केली. त्यातूनच सी++ घडली. आणि इनपुट उपकरण तर खरोखरची वस्तू आहे. ती जोडली जाते, काढली जाते, तिला स्वतःची स्थिती असते, काही गोष्टी तिला येतात आणि काही येत नाहीत. ऑब्जेक्टची व्याख्या याहून वेगळी काय असते?

आता संकेतांकांकडे. उपकरणाला अमुक गोष्ट येते का, हे विचारणारं फंक्शन प्रकार आणि संकेतांक असे दोन चिन्हरहित पूर्णांक घेतं. कळांच्या प्रकारात ० हा संकेतांक राखीव आहे, माउसच्या सापेक्ष हालचालीत ० म्हणजे आडवा अक्ष, आणि टचपॅडच्या निरपेक्ष स्थानातही ० म्हणजे आडवा अक्ष. तेव्हा हे दोन पूर्णांक उलटसुलट दिले, किंवा माउसच्या प्रकाराखाली 'ए'चा ३० विचारला, तरी सीचा कंपायलर निमूटपणे पुढे जातो आणि उत्तर येतं 'नाही'. उत्तर बरोबर दिसतं, प्रश्नच चुकलेला असतो. अशा चुका शोधण्यात दिवस जातात. रॅपरमध्ये कळ, सापेक्ष अक्ष आणि निरपेक्ष अक्ष असे तीन वेगळे टाइप केले की चुकीचा प्रश्न कंपाइलच होत नाही. माझ्या मते रॅपरमध्ये दुसरं काहीही केलं नाही आणि एवढं केलं तरी श्रम वसूल होतात. इव्हेंटच्या वेळेचंही असंच आहे. घड्याळ कोणतं, भिंतीवरचं की फक्त पुढेच जाणारं, हे टाइपमध्येच नोंदवलं तर दोन वेगळ्या घड्याळांच्या वेळा चुकून एकमेकींतून वजा होत नाहीत.

जितकं आत घ्यायचं तितकंच महत्त्वाचं काय बाहेर ठेवायचं. कळीच्या ऑब्जेक्टला 'अक्षर' विचारणारी मेथड जोडण्याचा मोह इथे हमखास होतो. तो टाळावा. इनस्क्रिप्ट मांडणीत मराठी 'क' ज्या कळीवर आहे तिचा क्रमांक ३७. इंग्रजी मांडणीत तीच कळ 'के', ग्रीकमध्ये काप्पा, रशियनमध्ये 'ल'. 'क्ष' लिहिताना आपण क, हलन्त आणि ष टंकतो, पण उपकरणाकडून जे येतं ते ३७, ३२ आणि शिफ्ट धरून ५१, एवढंच. त्याला ना मराठी ठाऊक ना ग्रीक. अक्षर ठरवणारा थर वर, वेगळ्या लायब्ररीत असतो. म्हणूनच कर्नलमधल्या एका ओळीलाही हात न लावता जगातल्या कुठल्याही लिपीची मांडणी उद्या जोडता येते. ज्याने 'अक्षर' ही मेथड लिहिली त्याने ही मोकळीक आपल्या वापरकर्त्यांसाठी संपवली.

आणखी एक गोष्ट रॅपरने धरून ठेवू नये: फाइल आपणच उघडायची हा हट्ट. या फाइली वाचणं म्हणजे दुसऱ्याचे पासवर्ड वाचणं, म्हणून सामान्य वापरकर्त्याला त्या उघडता येत नाहीत. वेलँड या डिस्प्ले व्यवस्थेवर चालणाऱ्या डेस्कटॉपला त्या 'लॉगइनडी' ही सेवा उघडून देते आणि दुसरा वापरकर्ता पडद्यावर आला की परवानगी काढूनही घेते. तेव्हा आधीच उघडलेली फाइल स्वीकारणारा कन्स्ट्रक्टर हवाच.

हे सगळं एकत्र कुठे येतं ते पाहायचं तर हात थरथरणाऱ्या माणसासाठी लिहिलेली एक छोटी आज्ञावली डोळ्यांपुढे आणा. एकदा दाबायची कळ त्याच्याकडून दोनदा-तीनदा दाबली जाते. आज्ञावलीने खऱ्या कीबोर्डाचा ताबा घ्यायचा, म्हणजे इव्हेंट दुसऱ्या कुणाकडे जाणार नाहीत. मग अगदी लागोपाठ आलेली तीच कळ गाळायची आणि उरलेलं एका नकली कीबोर्डातून पुढे सोडायचं. लिनक्समध्ये 'यूइनपुट'मार्फत असा नकली कीबोर्ड तयार करता येतो. कोडमधला एक ऑब्जेक्ट जन्मतो आणि इनपुटच्या फोल्डरमध्ये नवं उपकरण उगवतं. वरच्या थरातला कुणीही त्याला खऱ्यासारखंच वागवतो.

इथे तीन ऑब्जेक्ट लागतात: खरं उपकरण, त्याच्यावरचा ताबा आणि नकली उपकरण. ताबा हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असणं मोलाचं आहे. जन्मताना ताबा घेतो, मरताना सोडतो. आज्ञावली ब्लॉकमधून कशीही बाहेर पडली तरी कीबोर्ड माणसाला परत मिळतो. नकली उपकरणात क्रम जास्तच कडक, कारण 'हे उपकरण मोडा' ही विनंती त्याच्याच उघड्या फाइलवरून जाते. आधी विनंती, मग फाइल मिटणं. उपकरण मोडताना कर्नल त्याच्या दाबलेल्या राहिलेल्या कळा सोडवून देतो, त्यामुळे मागे काही अडकून राहत नाही.

एक खाच मात्र अनुभवी लोकांनाही चकवते. आज्ञावली टर्मिनलमधून एंटर दाबून सुरू होते. ती इतक्या झपाट्याने ताबा घेते की बोट अजून एंटरवरच असतं. एंटर दाबल्याचं डेस्कटॉपने पाहिलेलं असतं, सोडल्याचं मात्र फक्त ताबा घेणाऱ्याला कळतं. मग टर्मिनलमध्ये रिकाम्या ओळींचा धबधबा सुरू होतो. अनेक जण यावर सुरुवातीला थोडा वेळ नुसतं थांबण्याचा उपाय करतात. रॅपरमध्ये याहून नेटका उपाय करता येतो. उपकरणाच्या ऑब्जेक्टला प्रत्येक कळीची स्थिती माहीत असतेच. तेव्हा ताब्याच्या कन्स्ट्रक्टरने एकही कळ दाबलेली नाही हे आधी तपासायचं, असेल तर ती सुटल्याचा इव्हेंट येईपर्यंत वाचत राहायचं आणि मगच ताबा मागायचा. हे कोड जेमतेम दहा ओळींचं होतं, आणि ते एकदा तिथे लिहिलं की हे रॅपर वापरणाऱ्या कुणालाही ही खाच माहीत असण्याची गरज उरत नाही.